पोहे खाईपर्यंत माणूस कळते का?

या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी निम्मे एकाच गोष्टीवर निघाले, म्हणजे कोणीतरी कोणाला पहिल्यांदा पाहिलं अन् काहीतरी ठरवून टाकलं, मग तो सोयरिकीचा पाहुणा असो, कापसाचा व्यापारी असो नाहीतर सासू असो. त्यामुळे चार प्रश्न एकत्रच घेते. नावं-गावं नेहमीसारखी छापत नाही, काहींनी व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलं होतं ते मी जसंच्या तसं उतरवलंय.

प्रश्न : ताई नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातला, वय ३१, साडेसहा एकर वावर, विहीर आहे. आयटीआय केलं पण शेतीच करतो. दिवाळीच्या आधी मुलीकडचे पाहुणे घर पाहायला आले. चार वाजता येतो म्हणाले अन् आले दीडले. मी पऱ्हाटीवर फवारा मारून तेव्हाच घरी आलो होतो, हातपाय धुतले पण औषधाचा वास काही जात नाही, त्यात लाइन गेलेली. त्यायनं पाच-सहा प्रश्न विचारले, मी हो-नाही एवढंच बोललो, मले वाटे हे कधी जातात अन् मी कधी आंघोळ करतो. पोहे खाल्ले, चहा झाला, गेले. दोन दिवसानं मध्यस्थाचा फोन, "पोरगा घुम्या वाटला, अन् डोळ्यावरून पिणारा वाटते." ताई, मी सुपारीसुद्धा खात नाही जी, डोळे फवाऱ्यानं लाल झाले होते. वीस मिनिटात असं ठरवाव का माणसाले?

उत्तर : भाऊ, आधी डोळ्याचं बोलू, सोयरीक नंतर. फवारा मारून डोळे लाल होत असतील तर औषध तुमच्या अंगात जातंय. २०१७ साली तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, विसरायचं नाही. चष्मा, तोंडाला मास्क, हातमोजे, वाऱ्याकडे पाठ करूनच मारायचं आणि घरी आलं की पाहुणे असोत नाहीतर मंत्री असोत, आधी आंघोळ. पाहुण्यांना पंधरा मिनिटं बसवून ठेवलं असतं तर काही आभाळ कोसळलं नसतं, उलट पोरगा आंघोळ करून आला असंच म्हणाले असते.

आता तुमचा प्रश्न, वीस मिनिटांत ठरवावं का. भाऊ, वीस मिनिटं लय झाली. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या दोघांनी २००६ मध्ये एक प्रयोग छापला होता, त्यात लोकांना अनोळखी चेहऱ्यांचे फोटो दाखवले, काहींना तर फक्त १०० मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाचा दहावा भाग, पापणी लवायच्या आतच फोटो गायब. अन् विचारलं, हा माणूस भरवशाचा वाटतो का, हुशार वाटतो का, भांडकुदळ वाटतो का. तेवढ्या वेळातही लोकांनी मत बनवलं, आणि वेळेचं बंधन न घालता फोटो पाहणाऱ्यांचं जे मत होतं त्याच्याशी ते बऱ्यापैकी जुळलं. गंमत पुढे आहे. ज्यांना अर्धा सेकंद, एक सेकंद असा जास्त वेळ दिला त्यांचं मत फारसं बदललं नाही, फक्त आपण बरोबर आहोत ही खात्री वाढली. म्हणजे तुमच्या पाहुण्यांनी दारातच ठरवलं असेल, बाकीचे वीस मिनिटं पोहे खात खात त्यांची खात्री पक्की होत गेली.

पण मग पहिली नजर नुसती खोटीच असते का, तर तसंही नाही. त्याच देशात १९९३ मध्ये दुसरा एक अभ्यास झाला होता, कॉलेजात शिकवणाऱ्यांचे दहा-दहा सेकंदांचे तीन तुकडे, आवाज बंद करून, अनोळखी लोकांना दाखवले आणि शिकवणारा कसा वाटतो ते विचारलं. त्यांनी दिलेले मार्क आणि पूर्ण सेमिस्टरभर त्या वर्गात बसलेल्या मुलांनी शेवटी दिलेले मार्क बरेच जुळले. मी स्वतः बत्तीस वर्षं खडू हातात धरलाय म्हणून एक सांगते, त्यातून मुलांना मास्तर कसा वाटला हे कळलं, मुलांना गणित किती आलं हे त्यातून कळत नाही. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा घोळ इथेच होतो.

माणूस आत्ता थकलाय, लाजतोय, मोकळा आहे की अवघडलाय, हे पहिल्या नजरेला बऱ्यापैकी दिसतं. तुम्ही त्या वेळी खरंच अवघडलेले होते ना, ते त्यांना बरोबर दिसलं. पण पितो का, कर्ज किती, रागात हात उचलतो का, मजुरांचे पैसे वेळेवर देतो का, हे डोळ्यावरून नाही दिसत. ते गावात विचारावं लागतं. आपल्या जुन्या लोकांना हे माहीत होतं हो, पोरीचा मामा आधी एकटाच एसटीनं यायचा, पानठेल्यावर बसायचा, किराणा दुकानात उधारीची वही कशी आहे ते आडून विचारायचा, मग बोलणी. आता मामाला वेळ नाही, फोटो आणि बायोडाटा व्हॉट्सॲपवर येतो अन् सगळा भार त्या पोह्याच्या प्लेटवर पडतो.

काय करायचं? एक, मध्यस्थाला एकाच वाक्यात सांगा की डोळे फवाऱ्याचे होते, गावात कोणालाही विचारा. गयावया करू नका, जाऊ द्या त्यांना जायचं तर. दोन, पुढचे पाहुणे येतील तेव्हा त्यांना पोरीच्या भावासकट वावरात घेऊन जा. बैठकीत घुम्या वाटणारा माणूस विहिरीवर उभा राहिला की मोटर किती एचपीची, ठिबक कुठपर्यंत नेलं, तुरीच्या ओळी कशा टाकल्या हे आपोआप बोलायला लागतो, मी पाहिलंय, थांबवावं लागतं मग. आणि तीन, मुलीशी दहा मिनिटं वेगळं बोलू द्या असं तुम्हीच आधी म्हणा. आजकाल शेतकरी पोराला सोयरीक मिळत नाही ते सगळं खरं आहे, पण मुलीच्या मनात जी भीती असते ना, की वावरातच जुंपतील मला, तिच्यावर काय उत्तर आहे तुमच्याजवळ, ते तिला ऐकायचं असतं. ब्लेझर शिवायची गरज नाही.

प्रश्न : आमच्या इकडे व्यापारी गाडीवर चढतो, वरून एक मूठ कापूस काढतो, दाबून पाहतो, धागा ओढतो अन् भाव सांगतो. मग गाडी खाली करताना म्हणतो खालचा माल वेगळा आहे, अन् कटती लावतो. त्याची पहिली मूठ खरी की नंतरची? (वर्धा जिल्हा)

उत्तर : दादा, खरं सांगू का, ह्यात दोन्हीकडचे शहाणे आहेत. आपल्यातलेही काहीजण पांढराशुभ्र कापूस वर आणि कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, खाली भरतात, अन् व्यापाऱ्यालाही ते माहीत असतं, म्हणून तो वरच्या मुठीचा भाव सांगून गाडी आत घेतो आणि मग कापतो. एकदा गाडी खाली झाली की तुम्ही परत भरून नेणार नाही हे त्याला ठाऊक आहे.

जिथे मोजायचं यंत्र आहे तिथे डोळ्याच्या अन् मुठीच्या भरवशावर राहायचं नाही, एवढं पक्कं धरा. ओलावा मोजायला मीटर आहे. सरकारी खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण हमीभाव, तिथून १२ पर्यंत जसा वाढेल तसा भाव कमी, १२ च्या वर घेतच नाहीत. २०२५-२६ च्या हंगामासाठी हमीभाव लांब धाग्याला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये क्विंटल ठरला होता, तुमच्या हंगामाचा जो असेल तो तोंडपाठ करून जा. दव सुकल्यावरच वेचा, कवडी वेगळी ठेवा, पहिल्या वेचणीत फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेल्या झाडांचा कापूस, मिसळू नका, आणि भाव ठरायच्या आधीच म्हणा की भाऊ चार जागेवरून खालपर्यंत हात घाल अन् मग बोल. तो नाही म्हणाला तर काय ते समजून जा.

वावरातली गोष्ट आणखी वेगळी. गुलाबी बोंडअळी आठवा, बोंड बाहेरून हिरवंगार, टवटवीत, आणि फोडलं की आत सरकीत अळी बसलेली. म्हणून तर कृषीवाले सांगतात की शेतात फिरून नुसतं पाहू नका, २० हिरवी बोंडं तोडून फोडा, दोनात अळी निघाली की उपाय करायची वेळ झाली. अन् वरुड-मोर्शीच्या संत्र्याचं ह्याच्या उलट. आंबिया बहाराचं, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याचं, संत्र ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाहेरून हिरवट दिसतं, गिऱ्हाईक नाक मुरडतं, पण सालीचा हिरवा रंग जायला रात्री थंडी पडावी लागते, आतला गोडवा काही त्याची वाट पाहत थांबत नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे सांगून पटत नाही, त्याला केशरीच पाहिजे.

प्रश्न : ताई, मी नाशिककडची, लग्न होऊन अमरावती जिल्ह्यात आले, सहा वर्षं झाली. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, "मागच्या वाडीतून सांबार अन् चार भेदरे घेऊन ये वं." मला सांबार म्हणजे इडलीबरोबरचं एवढंच माहीत, भेदरं तर कधी ऐकलंच नव्हतं, विचारायची लाज वाटली म्हणून मी मेथी आणि वांगी तोडून आणली. सगळं घर हसलं. तेव्हापासून "हिला काही येत नाही" हा शिक्का बसला तो बसला. आता मी घरी ब्लाउज शिवते, महिन्याला पाच-सहा हजार येतात, सगळा स्वयंपाक येतो, तरी पाहुणे आले की भेदऱ्याची गोष्ट निघतेच. मग मी चिडते, भांडं आदळते, की लगेच "पहा, अशी आहे". बाळंतपणात चाळीस दिवस मालिश त्यांनीच केली ते सोडलं तर एकदाही कौतुक नाही. कसं पुसायचं हे?

उत्तर : आधी मला मनसोक्त हसून घेऊ दे हं पोरी, राग मानू नकोस. सांबार म्हणजे कोथिंबीर अन् भेदरं म्हणजे टमाटर हे तुला लग्नाच्या याद्या करताना कोणीतरी सांगायला पाहिजे होतं, चूक आमच्या वऱ्हाडाची आहे.

हे असं का चिकटतं, ते सांगते. १९४६ मध्ये सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञानं एक साधा प्रयोग केला होता. एका गटाला सांगितलं, एक माणूस आहे तो हुशार, मेहनती, उतावळा, दुसऱ्याच्या चुका काढणारा, हट्टी आणि मत्सरी आहे. दुसऱ्या गटाला हेच सहा शब्द उलट्या क्रमानं वाचून दाखवले, आधी मत्सरी, शेवटी हुशार. शब्द तेच, तरी पहिल्या गटाला तो माणूस एकंदरीत बरा वाटला, कर्तबगार आहे पण थोडेफार दोष आहेत असा, अन् दुसऱ्या गटाला तो मुळातच बिघडलेला वाटला. म्हणजे आधी जे ऐकलं त्याच्या रंगात पुढचं सगळं बुडवून निघतं. "हट्टी" शब्द तोच, हुशारच्या मागे आला की तत्त्वाचा माणूस, मत्सरीच्या मागे आला की आडमुठा. तुझ्या बाबतीत पहिला शब्द "भेदरं" पडला. आता तू शिवलेला ब्लाउज चांगला झाला तर ते मशीनचं कौतुक, अन् वरणात मीठ जास्त झालं तर तुझं.

अन् भांडं आदळण्याचं तू जे लिहिलंस ना, त्याच्यावर माझं बोट थांबलं. १९७७ चा एक प्रयोग आहे, तोही अमेरिकेतलाच. मुलं आणि मुली एकमेकांना न पाहता फोनवर बोलले. मुलांना मुलीचा म्हणून एक फोटो दिला होता, काहींना देखण्या मुलीचा, काहींना साध्या, फोटो खऱ्या मुलीचा नव्हताच. मुलींना ह्यातलं काही माहीत नाही. नंतर नुसता मुलींचा आवाज तिसऱ्याच लोकांना ऐकवला, तर ज्यांच्याबद्दल समोरच्याला वाटत होतं की ही देखणी आहे, त्या मुली बोलण्यातही जास्त गोड, मोकळ्या वाटल्या. का, तर समोरचा पोरगा त्यांच्याशी तसा बोलत होता. म्हणजे समोरच्यानं आपल्याबद्दल जे ठरवलं असतं ते तो आपल्याकडून करवून घेतो, आणि आपण करून देतो. सासूबाई हसतात, तू भांडं आदळतेस, पुरावा तयार.

मी हे पुस्तकातलं ज्ञान पाजळत नाहीये. एका खेड्यातल्या शाळेत माझी बदली झाली होती, तिसरीचा वर्ग, पहिल्याच दिवशी एक पोरगं माझ्या तोंडाकडे टक लावून पाहायचं. नाव विचारलं तर उत्तर नाही, नुसतं पाहतंय. सदऱ्याची वरची दोन बटणं नाहीत, केसांना तेल नाही. मी मनात लिहून टाकलं, उद्धट आहे, घरी वळण नाही. त्याला शेवटच्या रांगेत, खिडकीपाशी बसवलं. मग काय, मागे बसून तो काही उत्तर द्यायचा नाही, मी रागवायचे, तो अजून टक लावून पाहायचा, मी अजून रागवायचे. जूनपासून दिवाळीपर्यंत हे चाललं. एकदा शाळेच्या मागच्या रस्त्यानं ट्रॅक्टर येत होता, सगळी पोरं बाजूला झाली, हा मधेच उभा. मी ओरडले तरी हलला नाही, धावत जाऊन ओढलं तेव्हा दचकला. त्याला एका कानानं ऐकूच येत नव्हतं, दुसऱ्यानं अर्धवट. तो माझ्या तोंडाकडे पाहायचा कारण ओठ वाचत होता. अन् मी त्याला सगळ्यात लांब बसवलं होतं, पाच महिने. त्याच्या आईला विचारलं तर म्हणाली, "बाई, मी सांगणार होती, पण तुमी पयल्या दिवशीच रागात दिसल्या." तिनं पण मला एकदाच पाहून ठरवलं होतं, अन् तिचं काही फार चुकलं नव्हतं.

तर आता उपाय. भेदऱ्याची गोष्ट पुढच्या वेळी निघाली की सासूबाईंच्या आधी तूच सांग, मेथी अन् वांग्यासकट, पदर खोचून, रंगवून. ज्या गोष्टीवर आपणच हसतो ती दुसऱ्याला टोचायला वापरता येत नाही. दुसरं, स्वयंपाकघरात हे पुसायला जाऊ नकोस, तिथं त्या चाळीस वर्षं आहेत, तू कितीही केलं तरी मार्क देणाऱ्या त्याच राहणार. त्यांना मशीनपाशी बसव. काजं-बटणं करायला मदत माग, गिऱ्हाइकाची वही त्यांच्याजवळ ठेव, पैसे मोजायला दे. तिथे त्यांना तुझ्याबद्दल काही माहीत नाही, तिथली तू त्यांना पहिल्यांदाच दिसशील.

आणि एक विचारू का? सहा वर्षांचं लिहिलंस त्यात मालिशेला तू "ते सोडलं तर" म्हणून अर्धी ओळ दिलीस. चाळीस दिवस, रोज, पहाटे पाणी तापवून. तू त्यांच्याबद्दल कधी ठरवलंस गं, त्याच भेदऱ्याच्या दिवशी ना?

प्रश्न : मी चंद्रपूर जिल्ह्यातला, झाडीपट्टीतला. पुढच्या महिन्यात पुण्याला एका कंपनीत मुलाखत आहे. माझ्या तोंडून "काहून", "मले", "नोको" निघते, मित्र म्हणतात पहिल्या वाक्यातच बाद होशील. शुद्ध बोलायची प्रॅक्टिस करू का?

उत्तर : करायची तर कर, पण महिन्याभरात जीभ बदलत नाही, अन् मुलाखतीत निम्मं डोकं जर "मला" म्हणू की "मले" ह्यात गेलं तर कामाचं उत्तर कोण देईल? तुझ्या मित्रांचं पूर्ण खोटं नाही. एक गोष्ट चांगली दिसली की बाकी सगळं चांगलं वाटतं, एक खटकली की सगळंच खटकतं, हे थॉर्नडाइक नावाच्या माणसानं १९२० मध्येच दाखवून दिलं, फौजेतले अधिकारी शिपायांना मार्क द्यायचे त्यात ज्याची शरीरयष्टी चांगली त्याला अक्कल, स्वभाव, नेतृत्व सगळ्यातच चांगले मार्क पडायचे. केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून खालच्या पदांच्या, म्हणजे गट क आणि गट ब अराजपत्रित भरतीतली मुलाखतच काढून टाकली ती उगाच नाही. कंपन्यांत अजून आहे. पण शहाणी कंपनी सगळ्यांना तेच प्रश्न विचारते आणि प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे मार्क लिहिते, तिथे पहिल्या वाक्याचा जोर बराच कमी होतो. तुला तशी मिळो.

गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. अंगावर चिंध्या, हातात खराटा, डोक्यावर फुटकं मडकं, नवीन गावात गेले की लोकांना वाटायचं कोणी वेडा भिकारी आला. ते काही समजावत बसायचे नाहीत, दिवसभर गाव झाडायचे, आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे, तेव्हा त्याच गावाला कळायचं सकाळी कोणाला हाकललं ते. कपडे त्यांनी काही बदलले नाहीत शेवटपर्यंत. पण एक लक्षात घे, त्यांच्या हातात संध्याकाळ होती. तुझ्या हातात वीस मिनिटं आहेत, त्यामुळे तुझा खराटा पहिल्या पाच मिनिटांतच दिसला पाहिजे. केलेलं काम सोबत ने, प्रोजेक्ट असो, मोबाईलमध्ये फोटो असो, कॉलेजात दुरुस्त केलेली मोटर असो, आणि "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की जन्मतारखेपासून सुरू न करता तिथून सुरू कर. शर्टाला इस्त्री, नखं कापलेली, वेळेच्या अर्धा तास आधी. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं जाऊन सकाळी डायरेक्ट मुलाखतीला बसू नकोस, एक दिवस आधी जा, झोप काढ. यवतमाळच्या त्या भावाचे लाल डोळे वाचलेस ना वर.